सांगितलेला भाव, दिलेला भाव

आफ्रिकेच्या किनाऱ्यावर कार्थेजचे व्यापारी जहाज लावायचे, माल उतरवून वाळूवर ओळीनं मांडायचे, पुन्हा जहाजावर चढायचे आणि धूर करायचे. धूर दिसला की आसपासचे लोक यायचे, माल निरखायचे, त्याच्या शेजारी सोनं ठेवायचे आणि लांब जाऊन बसायचे. मग व्यापारी खाली उतरायचे. सोनं पुरेसं वाटलं तर ते उचलून चालते व्हायचे. कमी वाटलं तर त्याला हातसुद्धा न लावता परत जहाजावर. पुन्हा माणसं यायची, आणखी थोडं सोनं ठेवायची. दोन्ही बाजूंचं समाधान होईपर्यंत हे चालायचं. हिरोडोटसनं हे सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलं आहे, आणि यात कुणी कुणाला फसवत नाही असंही तो सांगतो. एकाची भाषा दुसऱ्याला येत नाही, समोरासमोर येण्याचाही प्रश्न नाही, तरी घासाघीस व्यवस्थित पार पडते!

बँकॉकच्या चातुचाक बाजारात शनिवार-रविवारी हेच दृश्य दिसतं, फक्त वाळूच्या जागी कॅल्क्युलेटर असतो. तुम्ही कुडत्याकडे बोट दाखवता. बाई कॅल्क्युलेटरवर आकडा दाबून तो तुमच्याकडे फिरवते. तुम्ही हसून मान हलवता. ती कॅल्क्युलेटर तुमच्याच हातात देते: तुम्ही सांगा. तुम्ही आकडा दाबता, ती छातीवर हात ठेवून कळवळते, तुमचा आकडा पुसते आणि स्वतःचा दाबते. यात दोघांनी हसत राहणं महत्त्वाचं. तिथं आवाज चढवला की भाव उतरत नाही, उलट समोरच्याचा चेहरा बंद होतो आणि मग तो कुडता कुठल्याच किमतीला मिळत नाही.

परदेशी निघालेल्या आपल्या माणसाला दोन गोष्टींची धास्ती असते. कुठं घासाघीस करायची आणि कुठं बक्षिसी ठेवायची. या दोन्हींची यादी पाठ करून लोक विमानात बसतात: अमुक देशात वीस टक्के, तमुक देशात शून्य, अमुक बाजारात निम्म्यापासून सुरुवात. यादी उपयोगी असते, पण तिच्यामागची यंत्रणा इतकी विलक्षण आहे की नुसती यादी वाचून थांबणं म्हणजे घड्याळ उघडून फक्त वेळ बघण्यासारखं आहे. सांगितलेली किंमत आणि प्रत्यक्ष हातातून गेलेले पैसे यांच्यामध्ये जवळजवळ प्रत्येक समाजानं एक फट ठेवलेली आहे. त्या फटीतून कुणाचं पोट भरतं, हे एकदा दिसलं की शिष्टाचार आपोआप कळू लागतो.

घासाघिशीपासून सुरुवात करू, कारण ती जुनी आणि जास्त गमतीची.

मोरोक्कोत फेस शहराच्या दक्षिणेला, मध्य अ‍ॅटलास डोंगरांच्या पायथ्याशी सेफ्रू नावाचं गाव आहे. क्लिफर्ड गीर्ट्झ या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञानं १९६०च्या दशकात तिथला बाजार अभ्यासला आणि १९७८ साली अर्थशास्त्राच्या एका मातब्बर नियतकालिकात त्यावर छोटा लेख लिहिला. त्याचा प्रश्न साधा होता: ही माणसं दिवसभर एवढं बोलतात कशाला? त्याला सापडलेलं उत्तर असं, की त्या बाजारात सर्वांत दुर्मीळ माल म्हणजे माहिती. वस्तूंना ठरावीक दर्जा नाही, वजनमापं सैल, छापील भाव नाही, जाहिरात नाही. ही लोकर चांगली की भेसळीची, काल दुसऱ्या गल्लीत ती कितीला गेली, पलीकडच्या गावात यंदा मेंढ्या किती मेल्या, हे कुणालाच पूर्ण माहीत नसतं. मग ती माहिती काढायची कशी? समोरच्याला बोलतं करून. त्यानं किती पटकन भाव उतरवला, कुठल्या आकड्यावर अडला, कुठला प्रश्न टाळला, या सगळ्यातून मालाची खरी किंमत हळूहळू वर येते.

गीर्ट्झच्या लेखातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट पुढची आहे. दहा दुकानं हिंडून भाव विचारणारा माणूस हुशार, असं आपल्याला वाटतं. सेफ्रूचा जाणता गिऱ्हाईक मात्र एकाच दुकानात ठिय्या देऊन खोलात जातो, आणि पुढच्या वेळीही त्याच दुकानदाराकडे येतो. वर्षानुवर्षं तेच दोघं एकमेकांशी भांडतात, आणि म्हणूनच एकमेकांना फार फसवू शकत नाहीत. घासाघीसही फक्त पैशांत होत नाही. भाव तोच ठेवून माल थोडा जास्त घालता येतो, दर्जा वर-खाली करता येतो, उधारीची मुदत वाढवता येते. मंडईत भाजीवाली दर एक पैसाही कमी करत नाही, पण वर कोथिंबिरीच्या चार काड्या टाकते, तेव्हा ती याच कलेचा प्रयोग करत असते.

आता यात पर्यटक कुठं बसतो? कुठंच नाही, आणि तिथंच त्याची पंचाईत होते. तो उद्या विमानानं जाणार हे दुकानदाराला माहीत असतं. त्याच्याकडे कालचा भाव नाही, पुढच्या वर्षीची भेट नाही. म्हणून त्याला सांगितलेली पहिली किंमत मोठी असते. ती काही लूटमार नव्हे. तुम्हाला किती माहिती आहे, हे चाचपण्यासाठी टाकलेला तो खडा असतो.

तो खडा किती खोल जातो, हे मात्र मानसशास्त्रानं दाखवून दिलं. १९७४ साली ॲमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल कानमन यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांसमोर एक चक्र फिरवायचं, ते मुद्दाम १० वर किंवा ६५ वर थांबेल अशी सोय केलेली. मग विचारायचं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देशांचं प्रमाण किती टक्के असेल? चक्राचा आणि आफ्रिकेचा काडीचाही संबंध नाही. तरी ज्यांना १० दिसलं त्यांचा अंदाज साधारण २५ टक्क्यांच्या आसपास आला, ज्यांना ६५ दिसलं त्यांचा ४५ च्या. कानात पडलेला पहिला आकडा मनात खुंटी ठोकून बसतो आणि पुढचा सगळा विचार त्या खुंटीभोवती फिरतो. मराकेशच्या चपलेवाल्याला हे प्रयोगशाळेत जाऊन शिकावं लागलं नाही.

‘सांगतील त्याच्या निम्म्यानं मागायचं’ हा आपला लाडका नियम इथंच कोसळतो. निम्मं मागायचं ते कशाच्या? त्यानंच ठोकलेल्या खुंटीच्या! शिवाय हा नियम प्रत्येक पर्यटकाला ठाऊक आहे, म्हणजे तो दुकानदारालाही ठाऊक आहे, आणि पहिला आकडा त्या हिशेबानंच येतो. यावरचा खरा उतारा फार साधा आहे. मोरोक्कोतल्या मोठ्या शहरांत सरकारी आश्रयाची हस्तकला केंद्रं असतात, तिथं कारागीर ठरावीक किमतीला माल विकतात. मराकेशमध्ये असं केंद्र जुन्या बाजारापासून फार लांब नाही. आधी तिथं चक्कर मारायची, चामड्याच्या चपला, पितळी दिवे, गालिचे यांचे भाव डोळ्यांखालून घालायचे आणि मग बाजारात शिरायचं. स्वतःची खुंटी घरून घेऊन जायची.

बाजारातले अलिखित कायदे मात्र पाळायचे. सर्वांत कडक कायदा असा: तुम्ही आकडा उच्चारलात आणि दुकानदार ‘हो’ म्हणाला, की सौदा झाला. त्यानंतर ‘नको, जरा विचार करतो’ म्हणणं हा खरा अपमान. नुसतं बघायचं असेल तर आकडा तोंडातून काढायचाच नाही. इस्तंबूलच्या झाकलेल्या बाजारात, ज्याची सुरुवात पंधराव्या शतकात सुलतान मेहमद दुसरा याच्या काळात झाली, गालिचेवाला तुम्हाला कमरेत निमुळत्या काचेच्या पेल्यातून चहा देतो. हा चहा प्यायला म्हणून गालिचा घ्यायलाच हवा असं अजिबात नाही. तिथं तो पाहुण्याला दिला जातोच. पण आत बसून वीस गालिचे उलगडून घेतले, त्याच्या पोरांना घाम फोडला आणि शेवटी एक पायपुसणं विचारलं, तर तो हसला तरी मनात काय म्हणेल हे ओळखायला तुर्की यायला नको. आणि मोरोक्कोत शेवटच्या पाच-दहा दिरहमांसाठी ताणू नये. तेवढ्या पैशांत आपला विमानतळावरचा अर्धा कप चहाही येत नाही.

भाव करण्याची सगळी पद्धत बोलण्यावर चालते असं मात्र नाही. लुडोविको दी वार्थेमा या इटालियन प्रवाशाचं पुस्तक १५१० साली छापलं गेलं, त्यात त्यानं कालिकतच्या बाजाराचं वर्णन केलंय. दलाल आणि व्यापारी हातावर कापड टाकतात आणि कापडाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवतात. भोवती माणसांची गर्दी असली तरी कुणाला पत्ता लागत नाही. वाशीच्या फळबाजारात हापूसचे सौदे असेच रुमालाखाली होत आले आहेत. सोमालियातल्या उंट-बकऱ्यांच्या बाजारातही दलाल कापडाखाली बोटांनी बोलतात. म्हणजे अरबी समुद्राच्या दोन्ही काठांवर एकच मुकी भाषा. प्रत्येक गिऱ्हाईकाला वेगळा भाव द्यायचा आणि तो दुसऱ्याला कळू द्यायचा नाही, यासाठी याहून सुबक युक्ती मला तरी ठाऊक नाही.

इतकी जुनी, इतकी सर्वदूर पसरलेली पद्धत मग काही देशांतून नाहीशी कशी झाली? छापील किंमत आज आपल्याला इतकी नैसर्गिक वाटते की तिचा कुणीतरी शोध लावला असेल हे लक्षातच येत नाही. जपानात १६७३ साली मित्सुई ताकातोशीनं एदोमध्ये, म्हणजे आजच्या टोकियोत, एचिगोया नावाचं कापडाचं दुकान काढलं. तोवर किमोनोच्या कापडाचे व्यापारी श्रीमंतांच्या घरी जायचे, उधारीवर माल द्यायचे, वसुली वर्षातून एक-दोनदा, आणि या सगळ्याची भरपाई चढ्या भावात व्हायची. मित्सुईनं सरळ सांगितलं: दुकानात या, रोख द्या, सर्वांना एकच भाव. कापडही हवं तेवढंच कापून मिळेल. आजची मित्सुकोशी दुकानं ही त्याच घराण्याची परंपरा. साधारण त्याच शतकात इंग्लंडमधले क्वेकर पंथाचे लोक वेगळ्याच वाटेनं तिथं पोचले. घ्यायचे पाच आणि सांगायचे आठ, हे खोटं बोलणं झालं, असं त्यांचं मत. म्हणून त्यांच्या दुकानांत एकच भाव.

मोठ्या प्रमाणावर हे पसरलं ते एकोणिसाव्या शतकात. न्यूयॉर्कमध्ये ए. टी. स्टुअर्टनं १८४६ साली संगमरवरी दुकान उघडलं, पॅरिसमध्ये आरिस्तीद बुसिको १८५२ साली बाँ मार्शेमध्ये भागीदार झाला, आणि दोघांकडेही भाव ठरलेले होते. यामागं सचोटीइतकीच एक व्यवहाराची अडचण होती. छोट्या दुकानात गल्ल्यावर मालक बसतो, किती खाली यायचं हे त्याला कळतं. शेकडो पगारी नोकर ठेवल्यावर प्रत्येकाच्या हातात घासाघिशीचा अधिकार कसा द्यायचा? मग भाव चिठ्ठीवर आला आणि नोकराच्या हातातून निसटला.

पण फट बुजली का? ती दुसरीकडे उघडली.

अमेरिकेत हॉटेलात जेवल्यावर काळ्या पाकिटात बिल येतं. समजा जेवण ६० डॉलरचं झालं. न्यूयॉर्क शहरात त्यावर ८.८७५ टक्के विक्रीकर, म्हणजे ५ डॉलर ३३ सेंट. तुम्ही कार्ड ठेवता, वेटर ते घेऊन जातो आणि परत आणून देतो. सोबत एक चिठ्ठी, तिच्यावर दोन ओळी रिकाम्या: बक्षिसी आणि एकूण. तुम्ही पेनानं १२ लिहिता, बेरीज करून ७७.३३ लिहिता, सही करता आणि उठून जाता. पैसे नंतर वळते होतात. प्रत्येक दहा रुपयांना ओटीपी मागणाऱ्या देशातून आलेल्या माणसाला हे बघून चक्कर येते: माझं कार्ड माझ्या खिशात, आणि रक्कम मी नुसती हातानं लिहून निघालो! न्यूयॉर्कच्या लोकांची जुनी युक्ती अशी की कर दुप्पट करायचा आणि तीच बक्षिसी समजायची. सुमारे पावणेअठरा टक्के होते. आता अठरा ते वीसची अपेक्षा असते.

ही खुशीची रक्कम म्हणावी, तर तिच्यामागं कायदा उभा आहे. १९६६ सालापासून अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानं मालकाला बक्षिशी मिळवणाऱ्या नोकराचं किमान वेतन कमी ठेवायची मुभा दिली. १९९१ पासून ते तासाला २ डॉलर १३ सेंटवर अडकलेलं आहे. बाकीच्यांसाठी केंद्रीय किमान वेतन ७ डॉलर २५ सेंट, आणि मधला फरक बक्षिशीतून भरून निघावा अशी कल्पना आहे. न निघाला तर मालकानं भरायचा. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन यांसारख्या काही राज्यांनी ही सवलत ठेवलेली नाही, पण टेक्सससारख्या ठिकाणी तुमच्या टेबलावरच्या मुलीला मालकाकडून खरोखर तासाला दोन डॉलर मिळत असू शकतात. म्हणजे तिथं तुम्ही पैसे न ठेवता निघालात तर तिचा पगारच बुडवता.

याचा इतिहास आणखी बोचरा आहे. यादवी युद्धानंतर पुलमन कंपनीनं रेल्वेच्या शयनडब्यांत हमाल-सेवक म्हणून गुलामीतून सुटलेल्या काळ्या पुरुषांना मोठ्या संख्येनं घेतलं. पगार तुटपुंजा, भिस्त प्रवाशांच्या बक्षिशीवर. बहुतेक प्रवासी त्यांना कंपनीच्या मालकाच्या नावावरून सरसकट ‘जॉर्ज’ म्हणत. १९२५ साली ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी संघटना उभी केली आणि १९३७ साली कंपनीला करार करायला लावला. दरम्यान बक्षिशी ही लोकशाहीला न शोभणारी सरंजामी सवय आहे, असं अमेरिकनांनाच वाटत होतं! वॉशिंग्टन राज्यानं १९०९ साली बक्षिशी बेकायदा ठरवली, मिसिसिपी, टेनेसी वगैरेंनी मागोमाग तेच केलं. १९२६ पर्यंत हे सगळे कायदे मागे घेतले गेले होते. जे आज आपल्याला ‘अमेरिकन’ वाटतं, त्यावर एकेकाळी अमेरिकेतच दंड होता.

आणि चांगल्या सेवेचं बक्षीस म्हणून हे कितपत चालतं? कॉर्नेल विद्यापीठातल्या मायकल लिन यांनी अनेक वर्षं यावर संशोधन केलं. सेवेचा दर्जा आणि बक्षिशीची रक्कम यांचा संबंध अगदी कमकुवत निघाला. टेबलाशेजारी उकिडवं बसून ऑर्डर घेतली, तर मात्र पैसे वाढतात. बिलासोबत गोळ्या-चॉकलेट ठेवलं तरी वाढतात, असंही संशोधकांना आढळलं. डॅनी मेयर या नावाजलेल्या हॉटेलमालकानं २०१५ साली न्यूयॉर्कच्या आपल्या रेस्टॉरंटांत बक्षिशी बंद करून ती किमतीतच मिसळली. पदार्थ महाग दिसू लागले, आणि २०२० साली त्यानं जुनी पद्धत परत आणली. एकूण पैसे तेवढेच, पण ताटाशेजारी छापलेला आकडा मोठा दिसला की माणूस बिचकतो. पुन्हा तीच खुंटी.

युरोपचं लवकर आटपतं. फ्रान्समध्ये सेवेचे पैसे मेनूतल्या किमतीत धरलेले असतात, वर चार नाणी ठेवली तर ठीक, नाही ठेवली तर कुणी मागं लागत नाही. इटलीत कॉफी उभ्यानं प्यायली तर एक भाव, बसून प्यायली तर दुसरा, आणि व्हेनिसच्या सान मार्को चौकात वादक वाजवत असतील तर संगीताचे वेगळे. जर्मनीत पैसे टेबलावर सोडून जायचे नसतात, बिल २७.४० आलं तर पन्नासची नोट देताना तोंडानं ‘तीस’ म्हणायचं, म्हणजे तो वीस परत देतो. ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर २०२४ पासून मालकानं बक्षिशीतला एक पैसाही कापायचा नाही, असा कायदा लागू झाला. युरोपबाहेर इजिप्तमध्ये देवळाचा रखवालदार एखादं बंद दालन उघडून दाखवतो आणि मग तुमच्याकडे बघत उभा राहतो. खिशात छोट्या नोटा हव्यातच.

आपल्याकडून जाणाऱ्या ग्रुप टूरमध्ये बसचालक आणि गाइड यांच्यासाठी माणशी रोजचे काही युरो आधीच धरलेले असतात, आणि त्यावरून डब्यातल्या शेंगदाण्याच्या लाडवांसोबत बरीच कुरबूर चघळली जाते. त्यात एक गैरसमज नेहमीचा: ‘बक्षिशी दिलीय ना, मग आणखी तासभर फिरवा की!’ युरोपात साडेचार तास गाडी हाकल्यावर चालकाला ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची आहे, दिवसाला साधारण नऊ तासांची मर्यादा आहे, आणि गाडीतलं यंत्र मिनिटामिनिटाची नोंद ठेवतं. तिथं शंभर युरो दाखवले तरी तो मान हलवणारच.

आणि जपान. जिथं १६७३ साली भाव ठरला, तिथं बक्षिशीची फटही ठेवलेली नाही. दुकानात पैसे हातात न देता छोट्या तबकात ठेवायचे, मोडही तिथंच मोजून मिळते. टेबलावर नाणी सोडून निघालात तर मुलगी रस्त्यापर्यंत धावत येते: तुमचे पैसे राहिले. अपवाद पारंपरिक निवासगृहांचा, तिथं खोलीची व्यवस्था बघणाऱ्या बाईंना काही द्यायचंच तर कोऱ्या नोटा पाकिटात घालून, आल्या-आल्या, दोन्ही हातांनी. उघडी नोट पुढं केली तर पंचाईत त्यांचीच होते. दारूच्या गुत्त्यांत मात्र न मागता एक वाटी चिमूटभर काहीतरी येतं आणि बिलात तिचे पैसे लागतात. ती बसण्याची फी. तिच्यावर वाद घालू नये.

सर्वांत चक्रावणारा देश मी शेवटी ठेवला आहे. इराणमध्ये तुम्ही टॅक्सीतून उतरता, किती झाले विचारता, आणि चालक म्हणतो, ‘छे, तुमच्यापुढं या पैशांची काय किंमत!’ याला तआरोफ म्हणतात. हा खरोखर फुकट प्रवास समजून ‘धन्यवाद’ म्हणत चालू पडलेला पर्यटक मोठा गुन्हा करतो. तुम्ही आग्रह धरायचा, तो नाही म्हणणार, तुम्ही पुन्हा आग्रह धरायचा, तो पुन्हा संकोचणार, तिसऱ्यांदा तुम्ही पैसे पुढं केलेत की मग तो नाइलाजानं आकडा सांगतो. आणि एवढ्या आर्जवांनंतर सांगितलेला तो आकडा जास्त वाटला, तर त्यावर घासाघीस करायला तुम्ही मोकळे असता.